कोऱ्या यंत्राचा पहिला प्रश्न

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही दिसू लागेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात वर्गातली मुले हमखास विचारतात, "सर, आता हा काय करतोय?" आपण सांगतो, "सुरू होतोय." उत्तर खोटे नाही, पण त्यात प्रश्न सुटण्याऐवजी झाकला जातो. कारण 'सुरू होणे' ही गोष्ट संगणकाच्या बाबतीत पंख्यासारखी किंवा दिव्यासारखी नाही. पंख्याला वीज मिळाली की पुरते. संगणकाला वीज मिळाली तरी त्याची कामाची स्मृती कोरीच असते. त्याचा प्रोसेसर एकच गोष्ट जाणतो: स्मृतीत लिहिलेल्या आज्ञा एकामागून एक पाळणे. स्मृतीत आज्ञा नसतील तर पाळायचे काय? आज्ञा डिस्कवर आहेत असे म्हणावे, तर डिस्कवरून त्या उचलून आणण्यासाठीही आज्ञाच लागतात. मग त्या पहिल्या आज्ञा आणल्या कोणी?

या पेचामुळेच संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. उंच बुटांना मागच्या बाजूला ओढून घालण्यासाठी एक पट्टी असते. आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलावे, असा त्या शब्दामागचा अशक्य कोटीतला विनोद आहे. स्वतःच्याच खांद्यावर बसण्यासारखे म्हणा ना.

अशक्य गोष्ट शक्य करण्याचा मार्ग एकच: यंत्र पूर्ण कोरे ठेवायचे नाही. त्यात अगदी थोडे काहीतरी आधीपासून पेरून ठेवायचे. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्यात हे पेरलेले बी ३१ आज्ञांचे होते. डेव्हिड व्हीलर यांनी त्या लिहिल्या होत्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तशा फिरत्या स्विचांवर त्या कायमच्या जोडून टाकल्या होत्या. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, आणि त्या कागदी पट्टीवरचा खरा प्रोग्रॅम वाचून घेत. पुढे पीडीपी-८ सारख्या यंत्रांच्या काळात हे बी माणसाच्या बोटांत असे. पुढच्या पाटीवरचे बारा स्विच वरखाली करून एक आज्ञा, मग पुढची, अशा सोळा-सतरा आज्ञा हाताने भरायच्या. रोज हे काम करणाऱ्यांना त्या तोंडपाठ होत. नंतर बी कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, गेले. आपल्याकडे १९८४ साली 'क्लास' योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. ज्यांनी ते वापरले, त्यांना आठवेल की ते बटण दाबताच तयार असत. त्यांच्या रॉममध्ये नुसते बी नव्हते, सगळे झाडच होते.

आता प्रश्न थोडा अवघड करू. समजा प्रोग्रॅम यंत्राच्या आतल्या डिस्कवर नाही. यंत्रात डिस्कच नाही. प्रोग्रॅम आहे तारेच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या खोलीत, कदाचित दुसऱ्या गावात. आता या कोऱ्या यंत्राला तो मागून घ्यायचा आहे. मागायचे म्हटले की चार गोष्टी आल्या. मी कोण, हे सांगता आले पाहिजे. कोणाकडे मागायचे, हे ठाऊक पाहिजे. काय मागायचे, त्याचे नाव माहीत पाहिजे. आणि जे आले ते धड आले की वाटेत गळाले, हे तपासता आले पाहिजे. हे सगळे ज्ञान त्या इवल्याशा बियात बसवायचे. जाळ्यावरून यंत्रे सुरू करण्याचा गेल्या पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या एका अडचणीचा इतिहास आहे. कोणता प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांनी आपसात बोलण्याचे ठरवलेले कोणते नियम, निवडायचे याचा निकाल बहुतेक वेळा या बियाच्या आकाराने लावला.

पहिले उदाहरण इंटरनेटच्या पूर्वजाचेच, आर्पानेटचे. या जाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणी निरोपांची ने-आण करणारा एक स्वतंत्र संगणक असे. त्याला 'इम्प' म्हणत. बोस्टनजवळच्या बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या यंत्रांवर ते तयार केले, आणि १९६९च्या अखेरीपर्यंत कॅलिफोर्निया व यूटामध्ये चार ठिकाणी बसवले. कंपनी अमेरिकेच्या एका टोकाला, यंत्रे दुसऱ्या टोकाला. यंत्र कोलमडले तर तिकडे धावणार कोण? म्हणून इम्पच्या स्मृतीतले ५१२ शब्द राखीव आणि कुलूपबंद ठेवले होते. बाकी सगळा प्रोग्रॅम बिघडला तरी तेवढ्या भागावर काही लिहिले जात नसे, आणि तिथे सावरण्याचा प्रोग्रॅम असे. सुरुवातीला तो यंत्रातच लावून ठेवलेल्या कागदी पट्टीवरून प्रोग्रॅम पुन्हा भरत असे. पण पट्टीही फाटते, वाचकयंत्रही अडते. मग लवकरच एक सुंदर युक्ती आली: शेजारच्या इम्पकडे मागायचे. सगळ्या इम्पांत जवळजवळ एकच प्रोग्रॅम चालत असल्यामुळे शेजाऱ्याच्या स्मृतीची नक्कल टेलिफोनच्या तारेवरून घेतली की काम भागे. विरजण संपले तर शेजारच्या घरून वाटीभर आणावे, तसे. इथे 'मी कोण' आणि 'कोणाकडे मागू' हे प्रश्न फारसे उद्भवले नाहीत, कारण प्रत्येक तारेच्या टोकाला एकच ठरलेला शेजारी होता.

ते प्रश्न उद्भवले ते एकाच तारेवर अनेक यंत्रे बसू लागली तेव्हा. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधनकेंद्रात आल्टो हा संगणक तयार झाला. त्याच वर्षी त्याच केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली: एकच केबल, तिच्यावर सगळी यंत्रे, एकाने बोललेले सगळ्यांच्या कानावर. आल्टोत डिस्क होती. पण ती बिघडली, किंवा कोऱ्या डिस्कवर काही चढवायचे असले, तर केबलवरून सुरू होण्याची सोय हवी होती. बॅकस्पेसची कळ दाबून धरायची आणि मग सुरू करण्याचे बटण दाबायचे, की आल्टो डिस्ककडे न पाहता केबलकडे कान लावी.

आणि काय ऐके? तर जाळ्यावरचा एक सर्व्हर ठराविक काळाने एक छोटे पुडके सगळ्यांना उद्देशून सोडत राही. कोणी मागो न मागो. त्या पुडक्याला तिथल्या मंडळींनी नाव दिले होते 'जीवनश्वास'. त्यात २५६ शब्दांचा एक प्रोग्रॅम असे. ज्या आल्टोने ते पुडके झेलले, ती ते स्मृतीत ठेवून तसेच चालवू लागे, आणि मग तो छोटा प्रोग्रॅम शहाण्यासारखा सर्व्हरकडे हवी ती मोठी फाइल मागे. म्हणजे मागण्याची अक्कलसुद्धा यंत्रात ठेवलेली नव्हती. फक्त ऐकण्याची होती. आपल्याकडे मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतात, तेव्हा मूर्ती काही मागत नाही. तसाच हा प्रकार. बी याहून लहान करणे कठीणच. ती मोठी फाइल आणण्यासाठी झेरॉक्सने ईएफटीपी नावाचा सोपा प्रोटोकॉल केला होता. त्याचे एक बोट धरून आपण पुढच्या, आजही चालणाऱ्या प्रोटोकॉलपर्यंत पोहोचतो.

पण त्याआधी एका भारतीय नावाचा उल्लेख व्हायला हवा. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याचा आर्पानेटवरचा पहिला प्रोटोकॉल, एफटीपी, एप्रिल १९७१ मध्ये मांडला तो अभय भूषण यांनी. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, तेव्हा एमआयटीत होते. एफटीपी हा भारदस्त गृहस्थ आहे. तो आधी नाव विचारतो, परवलीचा शब्द विचारतो. फायलींची यादी दाखवतो, नाव बदलू देतो, खोडू देतो. आज्ञांसाठी एक जोडणी आणि मालासाठी दुसरी, असे दोन रस्ते उघडतो. पुढे या दोन्ही रस्त्यांखाली टीसीपी नावाचा आणखी एक मोठा प्रोटोकॉल आला. तो निरोपाचे तुकडे करतो, त्यांना क्रमांक देतो, हरवलेले पुन्हा पाठवतो, क्रम लावतो आणि वाटेवर गर्दी असेल तर वेग कमी करतो. मोठ्या संगणकाला हे सगळे परवडते. काही किलोबाइटच्या रॉममध्ये बसायचे तर एवढे सामान बरोबर घेता येत नाही.

तेव्हा एमआयटीत नोएल चियाप्पा यांनी एक अगदी सडाफटिंग प्रोटोकॉल आखला. कॅरेन सोलिन्स यांनी तो नीट लिहून काढला. त्याचे एक टिपण जानेवारी १९८० मधले आहे आणि पुढचे प्रसिद्ध टिपण जून १९८१ मधले. नाव ठेवले टीएफटीपी. त्यातल्या पहिल्या 'टी'चा अर्थ क्षुल्लक. प्रोटोकॉलच्या जन्मदात्यांनीच त्याला क्षुल्लक म्हणावे, हे एरवी विनयाचे लक्षण वाटले असते. इथे ती त्याची थोरवी होती. नाव विचारायचे नाही, परवलीचा शब्द नाही, यादी नाही, खोडणे नाही. निरोपाचे प्रकार फक्त पाच: वाचायला द्या, लिहून घ्या, हा माल, ही पोचपावती, आणि चूक झाली. खाली टीसीपीऐवजी यूडीपी, म्हणजे साधे पोस्टकार्ड: टाकले पेटीत, पोहोचले तर पोहोचले.

पोस्टकार्डांवर भरवसा कसा ठेवायचा? टीएफटीपीची रीत अशी. फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करायचे. पहिला पाठवायचा आणि थांबायचे. पोचपावती आली की दुसरा. काही वेळ वाट पाहूनही पावती आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा. फाइल संपली हे वेगळे सांगायचे नाही. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की तो शेवटचा. (चौकस विद्यार्थी इथे विचारतोच: फाइल नेमकी ५१२ च्या पटीत असली तर? तर शेवटी एक रिकामा तुकडा पाठवायचा. त्यात शून्य बाइट असतात, पण पावती त्याचीही घ्यायची.)

या रीतीचा फायदा असा की घेणाऱ्या यंत्राला एका वेळी एकच तुकडा सांभाळावा लागतो. क्रम लावणे नाही, साठवण नाही. तोटा समजून घ्यायला विहिरीवर जाऊ. टीएफटीपी म्हणजे एक दोर आणि एक पोहरा. पोहरा खाली सोडा, भरा, वर ओढा, रिकामा करा, मग पुन्हा सोडा. विहीर उथळ असेल तर काही बिघडत नाही. विहीर जितकी खोल, तितके पाणी कमी, कारण प्रत्येक खेपेला सगळी खोली दोनदा मोजावी लागते. टीसीपी म्हणजे रहाटगाडगे. एका माळेत अनेक गाडगी, काही खाली जात आहेत, काही भरून वर येत आहेत. विहीर खोल असली तर माळ लांब लावायची. पाण्याची धार तीच.

आकडे घालून पाहू. वर्गात फळ्यावर करण्यासारखे हे गणित आहे. समजा फाइल ३० मेगाबाइटची आहे. एक मेगाबाइट म्हणजे ५१२ बाइटांचे २,०४८ तुकडे, म्हणून एकूण तुकडे ६१,४४०. सर्व्हर त्याच इमारतीत असून तुकडा जाऊन पावती परत यायला एक हजारांश सेकंद लागतो असे धरले, तर सगळी फाइल सुमारे ६१ सेकंदांत येते. आता सर्व्हर दूरच्या शहरात आहे आणि ये-जा करायला एक दशांश सेकंद लागतो असे धरा. तार तेवढीच रुंद, फाइल तीच. पण वेळ होतो ६,१४४ सेकंद, म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटे. तार जाड करून, अधिक वेगाची घेऊन यात काहीही फरक पडत नाही. दोर लांब आहे आणि पोहरा एकच आहे. प्रोटोकॉलची निवड म्हणजे नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे, हे मुलांना या एका गणितातून पटते, असा आमचा अनुभव आहे.

या साध्या प्रोटोकॉलमध्ये एक चूक दडलेली होती, आणि ती वर्गात खेळून दाखवता येते. आम्ही ती आठवी-नववीच्या मुलांबरोबर खेळलो आहोत. एक मुलगी 'पाठवणारी', एक मुलगा 'घेणारा', आणि मधे पाच-सहा पोस्टमन. पाठवणारी क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या देते, घेणारा त्या क्रमांकाची पावती देतो. मूळचा नियम दोघांना सारखाच होता: जुनाच निरोप पुन्हा आला, तर समोरच्याला आपला मागचा निरोप मिळालेला दिसत नाही असे समजून तो परत पाठवायचा. आता तिसऱ्या चिठ्ठीची पावती नेणाऱ्या पोस्टमनला खिडकीपाशी जरा रोखून धरा. पाठवणारी दहापर्यंत मोजते, वैतागते आणि तिसरी चिठ्ठी पुन्हा पाठवते. आता पोस्टमनला सोडा. पावती पोहोचते, चौथी चिठ्ठी निघते. इकडे घेणाऱ्याकडे तिसरी चिठ्ठी दुसऱ्यांदा येते. तो नियमाप्रमाणे तिसरीची पावती पुन्हा देतो. ती पावती पाहून पाठवणारीला वाटते, चौथी हरवली असावी. ती चौथी पुन्हा पाठवते. आता दोन चौथ्या, त्यांच्या दोन पावत्या, त्यांवरून दोन पाचव्या. पुढे फाइल संपेपर्यंत प्रत्येक चिठ्ठी दोनदा जाते आणि प्रत्येक पावती दोनदा येते. कोणीच नियम मोडलेला नाही, तरी पोस्टमन घामाघूम.

या दोषाला तज्ज्ञांनी 'जादूगाराच्या चेल्याचा दोष' असे नाव दिले. गटेची १७९७ सालची एक कविता आहे. चेला मंत्र म्हणून झाडूला पाणी भरायला लावतो. थांबवायचा मंत्र त्याला आठवत नाही, म्हणून तो कुऱ्हाडीने झाडूचे दोन तुकडे करतो, तर दोन झाडू पाणी आणू लागतात. डिस्नेच्या १९४० सालच्या 'फँटेशिया' चित्रपटात मिकी माउसची हीच फजिती होते. दोषाची खरी गंमत (आणि भीतीही) अशी की फाइल शेवटी अचूक पोहोचते. काम होते, फक्त दुप्पट कष्टाने. त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. गर्दीमुळे आणखी एखादी पावती उशिरा आली, तर दुपटीचे तिप्पट होते. १९८९ साली इंटरनेटवरच्या यंत्रांसाठी जे सर्वसाधारण नियम लिहिले गेले, त्यात याची दुरुस्ती सक्तीची केली. १९९२ च्या जुलैत सोलिन्स यांनी टीएफटीपीचे टिपण नव्याने लिहिले, तेव्हा ती मूळ नियमांत आली. दुरुस्ती एका ओळीची आहे: पाठवणाऱ्याने दुसऱ्यांदा आलेल्या पावतीकडे दुर्लक्ष करावे, पुन्हा पाठवायचे ते फक्त मुदत संपल्यावर. मुलांकडून ही ओळ काढून घ्यावी, सांगू नये. आमच्या वर्गात ती पोस्टमन झालेल्या एका मुलाला सुचली.

फाइल आणायची सोय झाली. पण पोस्टकार्ड टाकायचे तर पाठवणाऱ्याचा पत्ता हवा, आणि कोऱ्या यंत्राला तो नसतो. इथरनेटच्या कार्डात कारखान्यातच कोरलेला एक ४८ बिटांचा क्रमांक असतो. अंगावरच्या जन्मखुणेसारखा. जाळ्यातला पत्ता वेगळा, तो जागेनुसार दिला जातो. १९८०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आणि सनसारख्या कंपन्यांत डिस्क नसलेली बरीच यंत्रे वापरात येऊ लागली. तेव्हा डिस्का महाग होत्या, आणि प्रत्येक टेबलावरची डिस्क सांभाळण्यापेक्षा एकाच ठिकाणी एक मोठी सांभाळणे सोपे होते. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी एक उलटा प्रश्न विचारण्याची रीत मांडली: "माझी जन्मखूण ही, माझा पत्ता काय?" त्याच महिन्यात रॉस फिनलेसन यांनी यंत्र सुरू करण्यासाठी टीएफटीपी कसा वापरावा याचे टिपण लिहिले. पण या रीतीत उत्तर फक्त पत्त्याचे मिळे, फाइलचे नाव मिळत नसे, आणि उत्तर देणारा त्याच केबलवर असावा लागे.

सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. कोरे यंत्र सगळ्यांना उद्देशून एकच हाक मारते: "ही माझी जन्मखूण. कोणी ओळखते का?" सर्व्हरकडे यादी असते. तो पत्ता सांगतो, फाइल कुठे आहे ते सांगतो आणि तिचे नावही सांगतो. या टिपणात एका छोट्या भागाचे शीर्षकच 'कोंबडी आणि अंडे' अशा अर्थाचे आहे, ते वाचून आम्हाला फार बरे वाटले. प्रश्न असा: ज्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही, त्याला उत्तर पाठवायचे कोणत्या पत्त्यावर? तो आपल्याला दिलेला नवा पत्ता अजून ओळखत नाही. उत्तर असे की सर्व्हरने जन्मखूण पाहून थेट तिच्याकडे पाठवावे, किंवा ते जमत नसेल तर तेही सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडून सांगावे. आणि फाइल आणायला काय वापरावे? बूटपीच्या कर्त्यांनी लिहिले की बहुधा टीएफटीपी, कारण दोन्ही टप्पे यंत्राच्या रॉममध्ये बसले पाहिजेत. एफटीपीही चालेल, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती, पण व्यवहारात टीएफटीपीच रुजला. १९९३ साली याच बूटपीच्या साच्यावर डीएचसीपी तयार झाला. आपण आज एखाद्या वायफाय जाळ्याला फोन जोडतो तेव्हा त्याला पत्ता मिळतो तो बहुधा याच्याकडून. इंटेलने १९९९ मध्ये पीएक्सई या नावाने डीएचसीपी आणि टीएफटीपीची जोडी साध्या पीसीच्या कार्डांत बसवण्याची रीत पक्की केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने अनेक शाळांना दाखवले की डिस्क गेलेले जुने पीसीही एका बऱ्या सर्व्हरच्या आधाराने कामाला लावता येतात.

आता या साधेपणाची दुसरी बाजू. कोरे यंत्र हाक मारते आणि जो आधी ओ देईल त्यावर विश्वास ठेवते. खरा सर्व्हर कोणता, हे ओळखण्याचे त्याच्याजवळ काहीच साधन नाही. त्याच केबलवर बसलेल्या एखाद्याने आधी उत्तर दिले, तर यंत्र त्याने दिलेला प्रोग्रॅम निमूटपणे चालवील. १९८० मध्ये एका प्रयोगशाळेच्या भिंतींच्या आत हे चालून गेले. पुढे तसे राहिले नाही. नाव-गाव न विचारता फाइल देणारे टीएफटीपी सर्व्हर इंटरनेटला उघडे राहिले, आणि त्यांतून परवलीच्या शब्दांच्या फायली चोरल्या जाऊ लागल्या. १९९१ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा विंडोज संगणकांत पसरला. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. एका फटीतून तो नव्या संगणकात अगदी थोडा शिरकाव करी, एखादी आज्ञा चालवण्यापुरता. मग त्या संगणकातल्याच टीएफटीपीला हुकूम देई की माझा बाकीचा भाग अमुक यंत्रावरून घेऊन ये. किड्याची अडचण कोऱ्या यंत्राचीच होती: हाताशी थोडेसे, आणायचे बरेच. म्हणून त्याची निवडही तीच झाली.

दरम्यान फायली वाढत होत्या. टीएफटीपीत तुकड्याच्या क्रमांकाला १६ बिटच दिलेले, म्हणजे क्रमांक ६५,५३५ ला संपतात. त्याला ५१२ ने गुणले की साधारण ३२ मेगाबाइट. १९८१ मध्ये एवढी मोठी फाइल कोणी सुरू होण्यासाठी मागेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९९० च्या दशकात पोहरा मोठा करण्याची, म्हणजे तुकड्याचा आकार आपसात ठरवण्याची, सोय जोडली गेली. जानेवारी २०१५ मध्ये एका पावतीआधी अनेक तुकडे पाठवण्याची मुभा मिळाली. पोहऱ्याला पोहरा बांधत बांधत रहाटगाडगेच व्हायला लागले म्हणायचे. क्षुल्लकपणा हाच ज्याचा गुण, त्याला एकेक गुण चिकटवत गेल्यावर तो मुळात कशासाठी निवडला होता हे विसरायला होते, असे आमचे मत आहे.

कारण मूळ अडचण तोवर सरली होती. यंत्रातली कायमची स्मृती किलोबाइटांवरून मेगाबाइटांवर गेली होती. टीसीपी तिच्यात सहज मावत होता. त्याच २०१५ साली यूईएफआय या नव्या मांडणीत एचटीटीपीवरून यंत्र सुरू करण्याची रीत आली. वेबची पाने ज्या प्रोटोकॉलने येतात, त्यानेच आता यंत्राचा पहिला प्रोग्रॅम येऊ शकतो. तो दूरवरून वेगाने येतो, आणि एचटीटीपीएस वापरले तर वाटेत कुलूपबंद असतो. ओ देणारा खरा कोण, हे प्रमाणपत्र पाहून तपासता येते. पण प्रमाणपत्र तपासायचे तर कोणाची सही खरी मानायची, हे यंत्रात आधीच लिहून ठेवलेले असावे लागते. प्रमाणपत्राची मुदत पाहायची तर आज तारीख काय, हेही यंत्राला ठाऊक असावे लागते. एडसॅकच्या ३१ आज्ञांच्या जागी आता काही मेगाबाइट पेरावे लागतात, ते यासाठीही.

तरी टीएफटीपी गेलेला नाही. २०१६ साली आलेला रास्पबेरी पाय ३ हा हातात मावणारा संगणक मेमरी कार्ड न घालताही सुरू होऊ शकतो, तो डीएचसीपी आणि टीएफटीपीच्या आधारे. कोलमडलेल्या कित्येक राउटरांना पुन्हा उभे करायचे तर त्यांच्या बियातला टीएफटीपीच उपयोगी पडतो. आणि जिथे मोठ्या फायली दुरून आणायच्या असतात, तिथे बरेच जण दोन पायऱ्या करतात. पहिल्या पायरीला टीएफटीपीने आयपीएक्सई नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आणायचा. त्याला एचटीटीपी येते, मग बाकीचे सगळे तो रहाटगाडग्याने ओढून घेतो. आल्टोचे २५६ शब्दही हेच करत असत.